पोर्टच्या पलीकडचा पोर्तुगाल

गोव्याहून परतणाऱ्या मित्रांच्या बॅगेतून हमखास 'पोर्ट वाईन' निघते. गोड, लालभडक, स्वस्त आणि मस्त! पण खरी पोर्ट येते ती पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातून. डोंगर कापून केलेल्या पायऱ्यांवर मळे आणि त्यात तुरीगा नासियोनालसारखी जाड सालीची काळी द्राक्षं. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं, साखर उरते आणि अल्कोहोल जातं २० टक्क्यांच्या आसपास. या खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच आखून दिलेली आहे.

पण पोर्टवरच थांबू नका राव! मला हा देश आवडतो तो त्याच्या हट्टीपणासाठी. सगळं जग कॅबर्ने आणि शार्डोनेच्या मागे, आणि इथे अडीचशेहून जास्त देशी जाती टिकून. उत्तरेच्या पावसाळी मिन्यू भागात अल्वारिन्यू पिकतं. तिथल्या 'विन्यू वेर्द'चा शब्दशः अर्थ हिरवी वाईन, पण हिरवी म्हणजे कोवळी, ताजी. थंडगार करून तळलेल्या सुरमईबरोबर घ्या, मग बोलू. दक्षिणेला अलेंतेजूत ऊन रणरणतं. तिथे आजही काही जण मातीच्या मोठाल्या रांजणात वाईन करतात, थेट रोमनांच्या पद्धतीने.

माझा जीव मात्र अडकलाय तो लिस्बनजवळच्या कोलारेशमध्ये. अटलांटिकच्या काठावर, चक्क वाळूत द्राक्षं! १९व्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरचे मळे फस्त केले. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी वेल लावतात तो अमेरिकन खुंटावर कलम करून. वाळूत ही कीड जगत नाही, म्हणून कोलारेशचं रामीश्कू अजून स्वतःच्या मुळांवर उभं आहे. लागवड करायची तर वाळू उपसत खालच्या चिकणमातीपर्यंत जायचं. खड्डा ढासळलाच तर श्वास घेता यावा म्हणून पूर्वी खोदणारे डोक्यावर टोपली घालायचे म्हणे! वाईनही तशीच खडूस. कोवळी असताना तोंड आवळून टाकते, दहा वर्षांनी कुठे बोलायला लागते.

किडीला जमलं नाही ते बिल्डरांनी करून दाखवलं. लिस्बनकरांना समुद्राकाठी बंगले हवे झाले आणि मळे आक्रसत गेले. आता उरलेत ते मोजकेच. १९३१ मध्ये सुरू झालेली तिथली सहकारी वायनरी (हो, सहकारी!) रामीश्कू अजून बाटलीत भरते. बाकीचे टुरिस्ट सिंत्राचे राजवाडे बघून मागे फिरतात. तुम्ही तिथून समुद्राकडे आणखी थोडं पुढे जा.