वस्तीजवळून उच्चदाब लाइन जाणार? आधी अंतर विचारा

एके सकाळी चार माणसे मोजणीचे यंत्र घेऊन वस्तीच्या कडेला येतात, खुंट्या ठोकतात, चुन्याच्या खुणा करतात आणि निघून जातात. विचारले तर "लाइनचा सर्व्हे आहे" एवढेच उत्तर. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी होते: टॉवर येणार, घरे जाणार, कॅन्सर होणार. वंदनेनंतर विहारात बैठक बसते. कोणी म्हणतो काम बंद पाडू, कोणी म्हणतो आपले कोण ऐकणार.

अशा बैठकीत आरोग्याचे दोन प्रश्न असतात. एक सगळेच विचारतात. दुसरा बहुधा राहून जातो, आणि जीव त्यावरच अवलंबून असतो.

कॅन्सर होतो का?

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मोबाइलवर फिरणारा मेसेज आणि "काहीही होत नाही" म्हणणारा अधिकारी, दोघांनाही ही कसोटी लावू या.

तारांजवळ राहणाऱ्या मुलांमध्ये कॅन्सर जास्त आढळल्याचा अभ्यास 1979 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरातून पुढे आला. त्यानंतर अनेक देशांत तपासण्या झाल्या. ज्या घरांत विजेचे चुंबकीय क्षेत्र सरासरी 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर होते, तिथे मुलांमधील रक्ताच्या कॅन्सरचे प्रमाण काहीसे जास्त दिसले. म्हणून 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवले. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळा पुरावा तपासला. कारण हेच आहे असे सिद्ध होत नाही, पण नवी लाइन टाकताना कमी खर्चात लोकांचा संपर्क कमी करता येत असेल तर तसे उपाय पाहावेत, असे तिने सांगितले.

मोठ्या लाइनच्या अगदी खाली हे क्षेत्र 20 मायक्रोटेस्लापर्यंत असू शकते. दूर जावे तसे ते झपाट्याने कमी होते. म्हणजे घाबरून घर सोडण्याइतका पुरावा नाही, पण "लाइन वस्तीपासून दूर न्या" ही मागणी शास्त्राला धरूनच आहे. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावे.

तार घरापासून किती दूर?

हा राहून जाणारा प्रश्न. उच्चदाब तारेला हात लागावाच लागतो असे नाही. जवळ गेलेल्या लोखंडी सळईवरही वीज उडी मारते आणि माणूस जागीच जातो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे इमारतीपासून तारेचे कमीत कमी अंतर असे हवे:

- 33 केव्ही : छपरापासून वर 3.7 मीटर, बाजूने 2 मीटर
- 132 केव्ही : वर 4.6 मीटर, बाजूने 2.9 मीटर
- 220 केव्ही : वर 5.5 मीटर, बाजूने 3.8 मीटर

उन्हाने आणि विजेच्या भाराने तार तापते, लांबते आणि तिला झोळ येतो. वरचे अंतर जास्तीत जास्त झोळ धरून मोजायचे असते. हिवाळ्यातल्या सकाळी पुरेसे वाटणारे अंतर मे महिन्याच्या दुपारी कमी पडू शकते.

शिवाय आपली घरे वाढतात. मुलाचे लग्न ठरले की वर एक खोली चढते. आज नियमात बसणारे अंतर त्या दिवशी संपते. म्हणून आज बोलायचे ते उद्याच्या छपराचा विचार करून. जागा आपल्या नावावर नाही म्हणून गप्प बसू नका. अंतर मोजायचे ते घरापासून, सातबारा कोणाचाही असो.

काय करावे?

लाइन टाकणाऱ्या कंपनीला सरकार खास अधिकार देऊ शकते. त्यामुळे प्रत्येक घराची संमती घेतली जाईलच असे नाही. विरोध झाला तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाऊ शकते. टॉवर उभा राहिल्यावर ओरडण्यापेक्षा खुंट्या दिसल्या त्याच आठवड्यात लेखी द्या.

1. लाइनचा नकाशा, व्होल्टेज आणि टॉवरच्या जागा माहिती अधिकारात मागा. अर्जाची फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. कंपनी खासगी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा.
2. रहिवाशांसमोर प्रत्येक घराचे अंतर मोजून द्यावे, अशी मागणी करा.
3. दुसरा मार्ग किंवा भूमिगत केबलचा पर्याय विचारा. केबलच्या नेमके वर चुंबकीय क्षेत्र जास्त असू शकते, म्हणून ती घरांखालून नको.
4. निवेदनाची प्रत विद्युत निरीक्षकांना द्या. मोठी लाइन सुरू करण्याआधी त्यांची मंजुरी लागते.
5. प्रत्येक कागदाची पोच घ्या. दिवसा घरी असणाऱ्या भगिनी सर्व्हेवाल्यांना आधी पाहतात, म्हणून वहीत तारीख लिहिण्याचे काम महिला मंडळाने घ्यावे.

लाइन आधीच असेल तर

14 एप्रिलचे निळे झेंडे आणि वैशाख पौर्णिमेचे पंचरंगी ध्वज तारेपासून लांब लावा. लोखंडी पाइप नको, ओला बांबूही नको. पत्रे, सळया, शिडी तारेखाली उभी करू नका. तारेत अडकलेला पतंग मुलांना काढू देऊ नका. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच वीज कार्यालयात लेखी तक्रार करून पत्र्याला अर्थिंग करून मागा. कोणी उच्चदाब तारेला चिकटला, तर कोरड्या काठीनेही सोडवायला जाऊ नका. निदान दहा मीटर दूर राहा, वीज कार्यालय, 112 आणि 108 ला फोन करा. वीज बंद झाल्याचे कळल्यावरच जवळ जा.

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचेही खाते होते. देशाचे दारिद्र्य हटवायचे तर स्वस्त आणि मुबलक वीज हवी, असे त्यांचे म्हणणे होते. आपणही विजेच्या विरोधात नाही. पण त्या विजेची तार आपल्या लेकरांच्या डोक्यावरून जाणार असेल, तर ती किती उंचीवरून जाणार, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. पुढच्या बैठकीला मोजपट्टी आणि वही घेऊन या.

जय भीम!