समजा, गुराब तुमची आहे

"मावशी, मी 'पोहोचलास' कशी?"

हुसेनसागरच्या काठी बाकावर बसून माझी चौदा वर्षांची भाची मी लिहिलेली गोष्ट फोनवर वाचत होती. गोष्टीत ती आंगऱ्यांच्या आरमारातल्या एका गुराबेची, म्हणजे लढाऊ जहाजाची, कप्तान होती. पहिल्याच पानावर मी लिहून गेले होते, "तू विजयदुर्गाच्या खाडीत पोहोचलास." समोर तलावावर एकेका शिडाच्या लहान होड्या वळणं घेत होत्या. हैदराबादला समुद्र नाही, पण दर पावसाळ्यात या तलावावर शिडाच्या होड्यांची मोठी स्पर्धा भरते आणि सिकंदराबादच्या ईएमई सेलिंग असोसिएशनचे लष्करी खेळाडू इथेच वारा ओळखायला शिकतात. मी तिला काही उत्तर देऊ शकले नाही. त्या एका क्रियापदापाशी माझी सगळी गोष्ट अडली.

ही गोष्ट लिहायची ऊर्मी मला 'चॉइस ऑफ ब्रॉडसाइड्स' या इंग्रजी खेळानं दिली. तो 2010 साली 'चॉइस ऑफ गेम्स' या अमेरिकन कंपनीनं काढला. चित्र नाही, आवाज नाही, नुसता मजकूर. शिडाच्या युद्धनौकांचा काळ आहे. आल्बियन आणि गॉल ही नावं घेऊन इंग्लंड आणि फ्रान्सच लढताहेत. तुम्ही कोवळ्या वयात जहाजावर चढता आणि निर्णय घेत घेत कप्तान होता. दर पानाखाली दोन-चार पर्याय असतात. शत्रूच्या वाऱ्याकडच्या अंगाला जायचं की दुसऱ्या बाजूला? शिस्त मोडणाऱ्या खलाशाला फटके द्यायचे की माफ करायचं? पर्याय निवडला की पुढचं पान त्याप्रमाणे उघडतं, आणि तुमचं कसब, तुमची प्रतिष्ठा यांचे आकडे आतल्या आत चढत-उतरत राहतात. या प्रकाराला आता सुमारे पन्नास वर्षं झाली. 1970च्या दशकात विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रॅमरनं, जो स्वतः गुहांमध्ये उतरणारा होता, संगणकावर नुसत्या शब्दांची एक गुहा उभी केली. 1979 साली एडवर्ड पॅकर्ड यांचं 'द केव्ह ऑफ टाइम' आलं आणि 'हे करायचं तर अमुक पान उघडा' अशी पुस्तकं मुलांच्या हातात पडली.

ब्रॉडसाइड्समध्ये एक फार विचारानं केलेली गोष्ट आहे. तुम्ही स्त्री व्हायचं ठरवलंत, तर सगळं जगच उलटतं. आरमार बायकांचं होतं आणि पुरुष घरी वाट पाहतात. इंग्रजीत हे साधायला सर्वनामं आणि हुद्दे बदलले की बरंचसं काम होतं. मराठीत क्रियापदच विचारतं, तू कोण? जातोस की जातेस, पोहोचलास की पोहोचलीस?

त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि माझीच भाषा मला नव्यानं दिसली. "तू तोफ डागलीस." इथे 'डागलीस' हे तोफेचं स्त्रीलिंग आहे, वाचणाराचं नाही. "तू दोर तोडलास" यातलं पुल्लिंग दोराचं. "तू शीड उतरवलंस" यातलं नपुंसकलिंग शिडाचं. म्हणजे भूतकाळात हातून काही कृती घडली की मराठी क्रियापद करणाऱ्याकडे पाठ फिरवून वस्तूकडे बघतं. मुलगा असो वा मुलगी, वाक्य तेच. लिंग उघडं पडतं ते नुसतं येताना, जाताना, घाबरताना. कप्तानाच्या गोष्टीला याहून चांगलं व्याकरण कुठलं मिळणार! आणि 'तुम्ही' म्हटलं की तीही अडचण सुटते: तुम्ही पोहोचलात, तुम्ही घाबरलात. खलाशी कप्तानाला 'तुम्ही' म्हणणार, म्हातारा तांडेल एकांतात 'तू' म्हणणार. कोण कसं हाक मारतं यावरून तुमची जहाजावरची पत कळत जाईल. मी सगळी गोष्ट पुन्हा लिहायला घेतली.

दुसरी अडचण नावातच होती. ब्रॉडसाइड म्हणजे जहाजाच्या एका अंगाच्या साऱ्या तोफा एकदम डागणं. युरोपियन आरमाराची सगळी युद्धकला त्याभोवती फिरते. आंगऱ्यांची लढाई तशी नव्हती. अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म यानं गुराबेचं वर्णन करून ठेवलं आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशेची. लांबीच्या मानानं रुंद, पाण्यात उथळ बसणारी, आणि पुढे निमुळती नाळ. मुख्य तोफा त्या नाळेवरून थेट समोर मारणाऱ्या, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या. गलबतं त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांवर. पण त्यांना चाळीस-पन्नास वल्ही. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं मिळून मोठा ताफा होई. वारा पडला, समोरचं व्यापारी जहाज जागच्या जागी खिळलं, की गलबतं गुराबांना दोरानं ओढत त्याच्या पिछाडीला आणत, जिथे त्याच्या तोफा कमी. आधी डोलकाठ्या आणि दोरखंड फोडायचे, मग चहूबाजूंनी माणसं चढवायची.

म्हणजे ज्या क्षणी इंग्रज कप्तान हतबल होतो, त्याच क्षणी आपला कप्तान बलवान होतो. खेळाचा सांगाडाच बदलला. माझ्या गोष्टीत पहिला प्रश्न असतो, आत्ता वेळ कुठली? पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, तो खाडीतून बाहेर काढतो. दुपारी खारा वारा सुटतो, तो घरी आणतो. आषाढ लागला की जहाजं ओढून घ्यायची, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. 1735 साली संभाजी आंगऱ्यांनी 'डर्बी'सारखं इंग्रजांचं भलं मोठं जहाज धरलं, त्यामागे शौर्याइतकंच हे घड्याळ होतं असं मला वाटतं.

हैदराबादेत बसून हे लिहिणं काहींना विचित्र वाटतं. मला वाटत नाही. गोवळकोंड्याची जहाजं मच्छलीपट्टणहून मोखा, पेगू, आराकानपर्यंत जात. 1759 साली हैदराबादचा निजाम सलाबतजंग यानं मच्छलीपट्टण इंग्रजांच्या हवाली केलं, पुढे उत्तर सरकार नावाच्या जिल्ह्यांचा किनाराही गेला, आणि दख्खनचं हे मोठं राज्य समुद्राला पारखं झालं. मच्छलीपट्टण जायच्या तीनच वर्षं आधी, 1756 साली, पश्चिम किनाऱ्यावर विजयदुर्ग पडला होता. एकाच दशकात दख्खनच्या दोन्ही बाजूंचं पाणी परक्यांच्या हाती जाऊ लागलं. ही दोन सालं मी शाळेत वेगवेगळ्या धड्यांत शिकले. ती शेजारी मांडून कुणी दाखवली नाहीत, याची मला अजून रुखरुख आहे.

माझी गोष्ट त्या विजयदुर्गापाशीच संपते. 1755 साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या फेब्रुवारीत इंग्रजांचे ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. किल्ल्याचे धनी तुळाजी आंगरे बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले होते. 12 फेब्रुवारी 1756 रोजी मारा सुरू झाला. 'रिस्टोरेशन' हे जहाज तुळाजींनी काही वर्षांपूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेलं. त्याच्यावर एक गोळा पडला, आग लागली, किल्ल्याखाली दाटीनं उभ्या असलेल्या गुराबा एकीमागून एक पेटल्या. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. तुळाजी पुढे मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिले.

यावर आपण दोनच वाक्यं ऐकत मोठे झालो: नानासाहेब पेशव्यांनी आपलंच आरमार बुडवलं, किंवा तुळाजी उद्दाम होते. दोन्हींना पुरावा आहे. पण ही दोन्ही वाक्यं 14 फेब्रुवारीला उच्चारलेली आहेत. मला वाचणाऱ्याला 12 तारखेच्या दुपारी उभं करायचं होतं. धनी किल्ल्यात नाही, हुकूम कुणाचा मानायचा ते ठाऊक नाही, शेजारचं जहाज धुमसतंय. त्या पानाखाली मी तीन पर्याय दिले होते. आग विझवायला माणसं पाठवा. नाळेच्या तोफा रोखून जागेवर लढा. गुराब सोडून किल्ल्यात जा.

भाचीनं तिन्ही वाचले आणि मान वर केली. "दोर तोडून गुराब खाडीत वर का नाही न्यायची?"

तो पर्याय माझ्या डोक्यातही आला नव्हता. विजयदुर्गाची, म्हणजे वाघोटणची, खाडी तर आत दूरवर जाते. पाणी तेव्हा चढतं होतं की उतरतं, एवढंच बघायचं होतं. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. मी चंद्र मोजत मागे गेले. माझ्या गणितानं तो दिवस माघ शुद्ध द्वादशीच्या आसपासचा येतो. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला पूर्ण भरती, तीनच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. म्हणजे भर दुपारी खाडीचं पाणी समुद्राकडे, थेट इंग्रजांच्या तोफांकडे ओढत होतं. पण त्याच वेळी खारा वारा सुटायचा, तो आत ढकलणारा. पाणी विरुद्ध, वारा बाजूनं, आणि वल्ही मारायला किती हात उरलेत ते तुम्ही आधीच्या पानांवर खलाशांशी कसे वागलात यावर.

चौथा पर्याय मी काल रात्री लिहिला: "तुम्ही दोर तोडलात." पुढचं पान लिहायला घेतलं आहे.