वाडीचं जंगल, वाडीच्या ताब्यात

बदलापूर-अंबरनाथच्या डोंगरांत पावसाळी भटकंतीला जाणाऱ्यांसाठी ही पोस्ट. वाटेत लागणाऱ्या कातकरी-ठाकर वाड्या म्हणजे जंगलातलं अतिक्रमण नव्हे. खैराच्या लाकडापासून काथ काढणं हा कातकऱ्यांचा जुना धंदा. इंग्रजी वनकायद्यांनी जंगलावर बंधनं आणली, वर जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. मग अनेकांच्या वाट्याला आली वीटभट्टी.

२००६चा वनहक्क कायदा इथे कामाला येतो. कसत असलेल्या जमिनीचा दावा बऱ्याच जणांना माहीत असतो. पण माझ्या मते खरी ताकद सामूहिक हक्कात आहे: पूर्वापार वापरातलं जंगल राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा अधिकार थेट ग्रामसभेला! गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ साली सुमारे १८०० हेक्टरांवर मिळाला. त्या जंगलातला बांबू विकायला लागणाऱ्या वाहतूक परवान्यासाठी मात्र २०११ उजाडलं. (वनखातं सहजासहजी सोडतंय होय!)

दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. त्यात दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही धरला जातो. तुम्हाला अर्ज लिहिता येत असेल, नकाशा वाचता येत असेल, तर पुढच्या भटकंतीत वाडीवर थांबा आणि दावे हाताळणाऱ्या ग्रामसभेच्या वनहक्क समितीला मदत हवी का, विचारा.