गर्भारपणातला आहार आणि बाळाची वाढ : समज आणि वस्तुस्थिती

गर्भातल्या बाळाला लागणारे प्रत्येक पोषकद्रव्य आईच्या रक्तातून वारेपर्यंत येते आणि तिथून नाळेवाटे बाळाकडे जाते. यावरून एक समज घट्ट झाला आहे, की बाळ हवे ते आईच्या अंगातून ओढूनच घेते आणि तिने थोडे कमी खाल्ले तरी त्याचे काही अडत नाही. कॅल्शियमच्या बाबतीत यात तथ्य आहे. आहारात ते कमी पडले तर आईच्या हाडांतून काढले जाते. पण आयोडीन, फोलेट, बी-१२ आईच्याच शरीरात पुरेसे नसेल तर बाळालाही ते कमीच मिळते, आणि आईला तीव्र रक्तक्षय असेल तर बाळ लोहाचा अपुरा साठा घेऊन जन्माला येते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आढळला. म्हणजे ‘आईच्या अंगातून’ घेण्यासारखा साठाच अनेकींपाशी नसतो.

दिवस राहिल्याचे कळल्यावर, किंवा तिसरा महिना उलटल्यावर खाण्याकडे लक्ष दिले की पुरते, हाही समज खरा नाही. ज्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती चेतानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचेही कित्येकींच्या ध्यानात आलेले नसते. या काळात फोलेट कमी पडले तर पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत जन्मजात दोष राहण्याचा धोका वाढतो. म्हणूनच मूल हवे असलेल्या स्त्रीने गर्भधारणेआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे, असे सांगितले जाते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला गेला. किमान तीन महिने आधी तो सुरू केलेल्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले, तर मातांमध्ये गर्भारपणातला मधुमेह बराच कमी आढळला. लग्न ठरलेल्या मुलीच्या ताटाकडे लक्ष द्यायला हवे ते यासाठी.

‘दोन जिवांचे खा’ हा सल्ला मायेचा असला तरी हिशेबात बसत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार गर्भवतीला रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. ज्वारीची एक मध्यम भाकर, वाटीभर घट्ट वरण आणि चमचाभर शेंगदाण्याची चटणी एवढ्यात ती गरज भागते. प्रथिनांची गरज मात्र शेवटच्या तिमाहीत रोज २२ ग्रॅमने वाढते, आणि ती नुसत्या भाकरीने किंवा भाताने भरून येत नाही.

किती खाल्ले याहून काय खाल्ले हे महत्त्वाचे, याचा सर्वांत चांगला पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या सुमारे आठशे गर्भवतींचा अभ्यास केला. गर्भधारणेपूर्वी त्यांचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते. एकूण कॅलरी किंवा प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेणाऱ्यांची बाळे मात्र आकाराने मोठी होती. याच गावांत आणखी एक गोष्ट दिसली. शेतातली जड कामे आणि पाणी वाहणे ज्यांच्या वाट्याला अधिक, त्यांची बाळे लहान.

बुलढाणा जिल्ह्यासाठी पालेभाज्यांबद्दलचा हा निष्कर्ष फार मोलाचा आहे, कारण लागणारे अन्न इथल्या वावरात आणि बांधावरच उगवते. पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ आणि घोळ, हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला, शिवाय अंबाडी आणि शेवगा. तूर आणि हरभरा घरचा असतो. जवस आणि तीळही परके नाहीत. सोयाबीन मात्र घाटावर आणि घाटाखालीही पिकते ते मुख्यतः विकण्यासाठी. गरिबाची म्हणून रानभाजी टाळायची आणि बाजारातून महागडी पावडर आणायची, यात घराचा पैसा जातो आणि गर्भवतीचे ताट आहे तसेच राहते.

ताट आखडण्याचे दुसरे कारण म्हणजे ‘उष्ण’ पदार्थांची धास्ती. अंडी, तीळ, गूळ, शेवगा, पपई हे सारे एका दमात बंद होते. यांपैकी सावधगिरीला आधार आहे तो एकाच बाबतीत : कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावते, असे उंदराच्या गर्भाशयावरील प्रयोगांत दिसले आहे, म्हणून कच्ची आणि अर्धवट पिकलेली पपई टाळणे योग्य. पूर्ण पिकलेल्या पपईत तो चीक जवळजवळ नसतो. तीळ आणि शिजवलेले अंडे नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने गर्भपात होतो, याला काहीच आधार नाही.

आशाताईने दिलेल्या लाल गोळ्या घरात तशाच पडून राहतात, कारण त्यांनी बाळ काळे होते किंवा इतके मोठे होते की अडते, असे सांगितले जाते. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. गर्भारपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस ती घ्यायची असते. गोळीने शौचाला काळपट होते, भीतीचे मूळ बहुधा तिथेच असावे. बाळाचा रंग आई-वडिलांच्या जनुकांवर ठरतो. लोहाने तो काळवंडत नाही आणि केशराच्या दुधाने उजळतही नाही. त्या दुधात उपयोगाचे असते ते दूध. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र लोहाचे शोषण खरोखरच घटवतो, तर लिंबू, आवळा किंवा पेरू ते वाढवतात. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत न घेता काही तासांच्या अंतराने घ्यावी. भाजलेली माती, खापर किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे हे डोहाळे म्हणून हसण्यावारी नेले जाते. अनेकदा ते रक्तक्षयाचे लक्षण असते आणि रक्त तपासायला हवे.

शाकाहारी जेवणात सर्व काही मिळते, हा समज विदर्भातल्या माळकरी घरांत विशेष आढळतो. बी-१२ जीवनसत्त्व पालेभाजीत किंवा डाळीत नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मांस आणि मासे यांतूनच येते. पुण्याच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये बी-१२ कमी होते, आणि ज्यांचे फोलेट भरपूर पण बी-१२ अपुरे होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. अंडी-मांस वर्ज्य असलेल्या घरात रोजचे दूध-दही म्हणूनच गर्भवतीला चुकता कामा नये, आणि बी-१२च्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

सर्वांत घातक समज सातव्या-आठव्या महिन्यातला : ‘कमी खा, बाळ लहान राहील, बाळंतपण सोपे जाईल.’ बाळंतपण अडण्यामागे आईच्या कटीची ठेवण, बाळाची स्थिती, कळांचा जोर अशी अनेक कारणे असतात. उपाशी राहून त्यांवर इलाज होत नाही. उलट याच दिवसांत बाळाचे वजन झपाट्याने वाढते आणि मेंदूची वाढही वेगाने होत असते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्गाचा आणि मृत्यूचा धोका अधिक असतो. पुण्याच्या अभ्यासातली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण फरक मुख्यतः स्नायू आणि अवयवांत होता, चरबी त्या मानाने शाबूत होती. लहान दिसणाऱ्या अशा बाळात पुढच्या मधुमेहाची बीजे असतात. नवव्या महिन्यात तूप प्यायल्याने वाट सुटी होते, हेही खरे नाही. तूप पचनसंस्थेत जाते, प्रसूतिमार्गात नव्हे.

पायांवर सूज आली की मीठ पूर्ण बंद केले जाते. शेवटच्या महिन्यांत पायांवर थोडी सूज अनेकींना येते आणि मीठ तोडल्याने गर्भारपणातला रक्तदाबाचा विकार टळतो असे आढळलेले नाही. चेहऱ्यावर अचानक सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या भागात, विहिरी-बोअरच्या पाण्यातूनच क्षार पोटात जातात. बांगलादेशच्या किनारी भागात खारे पिण्याचे पाणी आणि गर्भवतींचा वाढलेला रक्तदाब यांचा संबंध आढळला आहे. म्हणून खारपाणपट्ट्यात गोडे पाणी आधी गर्भवतीला मिळायला हवे आणि तिचा रक्तदाब दर तपासणीला मोजला जायला हवा.

एवढे सगळे कळूनही फरक पडत नाही तो घरातल्या जेवणाच्या क्रमामुळे. सून सर्वांच्या शेवटी जेवते आणि तोवर भाजी, वरण, दही संपलेले असते. निंदण किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत तीच सकाळी सर्वांत आधी उठलेली असते. अंगणवाडीतून गर्भवतीच्या नावाने येणारा घरपोच आहारही घरभर वाटला जातो. आदिवासी भागांसाठी २०१५मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गर्भवतीला अंगणवाडीतच एक वेळचे ताजे चौरस जेवण दिले जाते. तिच्या वाट्याचे अन्न तिच्याच पोटात जाण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते.