बायोगॅस हवा, पण कचऱ्यात हात कुणाचे?

बुद्धपौर्णिमा असो की १४ एप्रिल, विहारात भोजनदान होते आणि मागे उष्ट्या अन्नाचा ढीग उरतो. गावाकडे भाताचे तणस, सोयाबीनचे कुटार, उसाचे पाचट शेतातच पेटवले जाते. या दोन्हींपासून स्वयंपाकाचा गॅस मिळू शकतो. म्हणूनच अनेक तरुण मंडळे बायोगॅसविषयी विचारणा करतात. चर्चा मात्र टाकी केवढी आणि अनुदान किती, यावरच थांबते. टाकीत माल जाण्याआधी त्यावर काय करायचे आणि ते कुणी करायचे, हे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

बायोगॅसच्या हवाबंद टाकीत सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ कुजवतात. त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो, तोच जळतो. शेणावर टाकी सहज चालते, कारण गाईने चारा आधीच चावून, रवंथ करून बारीक केलेला असतो आणि तिच्या पोटातले जिवाणूही शेणासोबत येतात. म्हणजे पूर्वप्रक्रिया गाईनेच केलेली असते.

पेंढ्याचे तसे नाही. त्यातील सेल्युलोज हे जिवाणूंचे खाद्य, पण त्याला लिग्निन नावाच्या चिवट पदार्थाने वेढलेले असते. लिग्निन हवाबंद टाकीत जवळजवळ कुजतच नाही. अख्खी काडी टाकली तर ती तरंगते, वर जाड थर धरते आणि गॅस अडतो.

यावर पहिला उपाय कडबा कुट्टी यंत्राचा. काडी एक-दोन सेंटिमीटर कापली की जिवाणूंना शिरायला जागा मिळते. दुसरा उपाय, हे तुकडे शेणाच्या पाण्यात किंवा टाकीतून निघालेल्या स्लरीत काही दिवस भिजवून झाकून ठेवायचे. फार दिवस उघड्यावर कुजवले तर गॅस देणारा भागच हवेत निघून जातो. तिसरा उपाय चुन्याचा. चुन्याच्या पाण्यात लिग्निनची पकड सैल होते. कॉस्टिक सोडा अधिक जोरात काम करतो, पण तो कातडी भाजतो आणि त्यातले सोडियम स्लरीबरोबर शेतात जाते. चुनाही हातमोजे आणि चष्म्याशिवाय हाताळू नये. पेंढ्यात कर्ब जास्त आणि नत्र कमी असते, म्हणून सोबत शेण हवेच. पऱ्हाटी आणि तुराटी लाकडासारखी असते, ती घरगुती टाकीत घालू नये.

अन्नाची अडचण उलटी आहे. ते फार लवकर आंबते. एकदम जास्त टाकले की टाकीत आम्ल वाढते आणि मिथेन करणारे जिवाणू मंदावतात. म्हणून हाडे, प्लास्टिक, कवट्या वेगळ्या काढायच्या, उरलेले वाटून पाण्यात कालवायचे आणि रोज थोडे थोडे द्यायचे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ प्रकल्पात हीच कल्पना पुढे नेली आहे. तिथे कचरा यंत्रात वाटून आधी गरम पाणी आणि हवा असलेल्या टाकीत अर्धा पचवतात, मग हवाबंद टाकीत सोडतात.

आता मुख्य मुद्दा. ‘प्लास्टिक वेगळे काढायचे’ हे वाक्य कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात कुजक्या ढिगात हात घालून ते काढणारे बहुतेक आपल्याच वस्त्यांतले असतात. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा, गावकीची हीन कामे टाका, असे सांगितले. स्वच्छ ऊर्जेच्या नावाखाली तेच काम नव्या गणवेशात आपल्याकडे येत असेल, तर आपण प्रश्न विचारलाच पाहिजे.

याचे उत्तर तंत्रातच आहे. वर्गीकरण ही सगळ्यात पहिली आणि स्वस्त पूर्वप्रक्रिया आहे, आणि ती कचरा करणाऱ्यानेच करायची आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. तो घरातच वेगळा झाला तर पुढे कुणाला हात घालावा लागत नाही आणि टाकीही नीट चालते.

टाकी तुंबली म्हणून माणूस आत उतरवणे तर मुळीच चालणार नाही. आत प्राणवायू नसतो, हायड्रोजन सल्फाइड असतो. काही क्षणांत जीव जातो. गटार आणि सेप्टिक टाकीतल्या अशा कामाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. तोच आग्रह इथेही धरावा.

म्हणून सुरुवात विहारापासून करूया. पुढच्या भोजनदानाला पंगतीच्या शेवटी तीन डबे ठेवा: अन्न, पत्रावळ्या, प्लास्टिक. ज्याने खाल्ले त्यानेच वेगळे टाकायचे, मग तो पाहुणा असो की पदाधिकारी. आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत बायोगॅस प्रकल्पाचा ठराव आला तर एवढेच विचारा: वर्गीकरण कुठे होणार, यंत्र कोणते, कामगारांना पगार आणि सुरक्षा साधने काय? उत्तर लेखी घ्या.

जय भीम!