घशाचा परमा : उपचार व प्रतिबंध

परमा हा रोग जननेंद्रियांपुरताच मर्यादित असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आल्बर्ट नायसर या जर्मन वैद्याने १८७९ मध्ये शोधून काढलेले या रोगाचे जंतू घशातही वास करू शकतात. बाधित व्यक्तीशी मुखमैथुन घडल्यास ते घशात शिरतात. एका पंक्तीस जेवल्याने अथवा एकाच भांड्यातील पाणी प्याल्याने हा रोग होत नाही. सबब रुग्णास दूर ठेवण्याचे कारण नाही.

बहुसंख्य रुग्णांना काहीच त्रास जाणवत नाही, हेच या विकाराचे खरे संकट होय. क्वचित घसा दुखतो, तोही सर्दीचा मानला जातो. दरम्यान संसर्ग जोडीदाराच्या जननेंद्रियांपर्यंत पोहोचतो. स्त्रियांच्या बीजवाहिन्यांना त्यामुळे सूज येऊन वंध्यत्व येऊ शकते. प्रसूतिसमयी मातेस बाधा असल्यास अर्भकाची दृष्टी धोक्यात येते.

लघवीच्या तपासणीत घशातील बाधा कळत नाही. त्यासाठी घशातील स्राव बोळ्याने टिपून प्रयोगशाळेत तपासावा लागतो. म्हणून डॉक्टरांना संबंधांविषयी संकोच न बाळगता सांगणे अगत्याचे आहे.

पूर्वी पेनिसिलिनने परमा बरा होत असे. पुढे या जंतूंनी पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन या औषधांना दाद देणे बहुतांशी सोडले. आता मुख्यतः सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शन दिले जाते. घशातील जंतू जननेंद्रियांतील जंतूंपेक्षा चिवट ठरतात. यास्तव उपचारानंतर ७ ते १४ दिवसांनी घशाची फेरतपासणी करून घ्यावी. मिठाच्या गुळण्यांनी हा रोग बरा होत नाही. दुकानातून परस्पर गोळ्या आणून अर्धवट घेतल्यास जंतू अधिकच बळावतात.

प्रसार रोखण्यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. उपचारानंतर किमान ७ दिवस शरीरसंबंध टाळावा.
२. मागील ६० दिवसांतील जोडीदारांनीही तपासणी व उपचार करून घ्यावेत. अन्यथा रोग परत जडतो.
३. मुखमैथुनातही निरोधचा वापर करावा.
४. उपदंश व एच.आय.व्ही. यांचीही तपासणी करून घ्यावी.

जिल्हा रुग्णालयांतील गुप्तरोग चिकित्सा केंद्रांत उपचार मिळतात व रुग्णाची माहिती गोपनीय ठेवली जाते. १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो. लज्जेपोटी रोग लपविल्याने तो वाढतो, वेळीच दाखविल्याने बरा होतो, ही गोष्ट शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी गावोगावी समजावून सांगावी.