पाहुण्यांचा मान

घरी पाहुणा आला की आपण त्याला बसायला सांगतो, पाणी देतो. परदेशचा राष्ट्रप्रमुख हा साऱ्या देशाचा पाहुणा. त्याच्या स्वागताच्या नियमांना 'राजशिष्टाचार' म्हणतात. महाराष्ट्रात हे काम मुंबईला मंत्रालयातील सामान्य प्रशासन विभाग पाहतो.

हे नियम बारीक असतात. परदेशी पाहुणा सरकारी मोटारीतून जाताना मोटारीच्या उजव्या बाजूला आपला तिरंगा आणि डाव्या बाजूला त्याच्या देशाचा ध्वज लावतात. तुमचे नाव कोणी चुकीचे लिहिले तर तुम्हाला कसे वाटते? पाहुण्याचे नाव किंवा ध्वज चुकला, तर त्याच्या साऱ्या देशाला तसेच वाटते.

असे काम जवळून पाहता येते का? हो. दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयात पदवीधर तरुणांना काही काळ उमेदवारी करता येते. तिला 'इंटर्नशिप' म्हणतात. माहिती गोळा करणे, अहवाल लिहिणे अशी कामे तेथे शिकायला मिळतात. सावनेरच्या मुलामुलींनाही ही वाट मोकळी आहे.

तुम्हाला उर्दू येते, मराठी तुम्ही शिकत आहात. भाषा ही या वाटेवरची शिदोरी आहे. आजपासून एक सवय लावा. नवा माणूस भेटला की त्याचे नाव नीट विचारा आणि शुद्ध लिहा.